खाली कोण आहे?

मुलांनो, तुमच्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलन होत असेल. नाटक, कव्वाली, नकला, बक्षीस समारंभ असा मोठा कार्यक्रम असेल. तुमच्यापैकी काहीजण नाटकात कामही करत असतील. नाटक पाहताना आपली नजर कुठे असते? नटांकडे असते, त्यांच्या कपड्यांकडे असते, फार तर मागच्या रंगीत पडद्याकडे जाते. वर मात्र कोणी पाहत नाही.

पुढच्या वेळी रंगमंचाजवळ जायला मिळाले, तर मान वर करून पाहा. डोक्यावर एक आडवा लोखंडी पाइप दिसेल. नाटकाच्या लोकांच्या बोलीत तो ‘बार’. त्या पाइपावर ओळीने दिवे टांगलेले असतात. नटांच्या तोंडावर पडणारा पिवळा उजेड, रात्रीच्या प्रसंगातला निळा उजेड, हे सगळे तिथून येते. पण एवढे जड दिवे इतक्या उंचावर चढवतात कसे आणि खाली उतरवतात कसे? मला हे एका माणसाने शिकवले. ते शिकताना माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगतो.

मी सांगलीचा. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग सांगलीत केला आणि मराठी नाटकाची सुरुवात झाली. म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात. त्या काळी विजेचे दिवे नव्हतेच. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात विजेचे दिवे लागले ते १८८१ साली. भाव्यांच्या नाटकानंतर अडतीस वर्षांनी! पुढे आपल्याकडेही विजेचे दिवे आले. मग दिवे नटांच्या पायाशी ठेवण्याऐवजी डोक्यावर टांगता येऊ लागले. उजेड चांगला पडू लागला, पण डोक्यावर ओझेही आले.

नाट्यपंढरीतली शाळा म्हणून आमच्या शाळेला नाटकाचा फार अभिमान. शाळेचे सभागृह जुने होते. त्याला लाकडी रंगमंच होता आणि रंगमंचावर दोरांनी वरखाली होणारा दिव्यांचा एक पाइप होता. तो सांभाळायला मिरजेहून एक गृहस्थ येत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. मिरज सांगलीला लागूनच आहे. तिथली सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी प्रसिद्ध आहेत. चाचांचे काही नातलग त्याच कामात होते. चाचा मात्र तरुणपणी एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरले. पडदे ओढणे, दिवे बांधणे, सामान ट्रकमध्ये चढवणे हे त्यांचे काम. वय झाल्यावर ते घरी परतले आणि आमच्यासारख्या शाळांची कामे करू लागले.

१९८६ साली मी नववीत होतो. नाटकात काम मिळावे अशी माझी फार इच्छा होती. पण माझा आवाज तेव्हा फुटला होता. मी बोलायला तोंड उघडले की मुले हसत. सरांनी मला नाटकातून काढले आणि म्हणाले, “तू चाचांना मदत कर.” मला वाईट वाटले. दोर ओढण्यात कसली मौज, असे मला वाटले.

पहिल्या दिवशी चाचांनी मला कामच दिले नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला. “बेटा, या पाइपाचे वजन किती?”

मी अंदाजाने म्हणालो, “वीस किलो.”

“पाइपाचे बरोबर सांगितलेस. आता दिव्यांचे सांग.”

आम्ही हिशेब केला. तुम्हीही वहीत करून पाहा. पाइप सहा मीटर लांब. एका मीटरचे वजन साडेतीन किलो. म्हणजे पाइप एकवीस किलोंचा. त्यावर आठ दिवे, प्रत्येक दिवा आकड्यासह पाच किलोंचा. ते झाले चाळीस किलो. वायरी आणि साखळ्या नऊ किलो. सगळे मिळून सत्तर किलो.

“आणि तू?” चाचांनी विचारले.

मी तेव्हा अडतीस किलोंचा होतो.

चाचा हसले. म्हणाले, “मग तू पाइपाला खाली आणणार की पाइप तुला वर नेणार?”

तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात कप्पीचा धडा वाचला असेल. विहिरीवर असते ती कप्पी. दोर खाली ओढला की बादली वर येते. ही एका जागी पक्की बसवलेली कप्पी आपले श्रम कमी करत नाही. ती फक्त ओढण्याची दिशा बदलते. सत्तर किलो वर न्यायचे असतील, तर दोराच्या दुसऱ्या टोकाला सत्तर किलोंपेक्षा थोडा जास्तच जोर लागतो, कारण कप्पीतही घर्षण असते. आमच्या पाइपाला तीन ठिकाणी दोर बांधले होते. ते छताजवळच्या तीन कप्प्यांवरून जात आणि भिंतीजवळ येऊन एका जाड दोराला मिळत. त्यामुळे पाइप एका बाजूला कलत नसे. तो जाड दोर खाली भिंतीतल्या एका लोखंडी खुंटीला बांधलेला असे. त्या खुंटीला वर एक आणि खाली एक अशी दोन शिंगे होती.

या खुंटीची ओळख तुम्हांला नीट करून देतो, कारण सगळे तिच्यावर अवलंबून होते.

दोर खुंटीला कसा बांधायचा हे चाचांनी मला शिकवले. आधी दोराचे दोन पूर्ण वेढे खुंटीच्या बुंध्याला घ्यायचे. मग वरच्या आणि खालच्या शिंगांवरून दोर आडवातिडवा फिरवायचा, आठाच्या आकड्यासारखा. मी फिरवू लागलो. चाचा म्हणाले, “हे काय?” मी म्हणालो, “आठ.” त्यांनी खडू घेतला आणि जमिनीवर तीन आठ काढले. एक मराठी, एक उर्दू आणि एक इंग्रजी. मग म्हणाले, “तुझा मराठी आठ एका बाजूला उघडाच राहतो. उर्दूतला आठ म्हणजे घराचे छप्पर, त्यावरून दोर घसरून जाईल. इथे इंग्रजी आठ पाहिजे. दोन्हीकडे बंद.” नवीन मुलगा आला की चाचा ही गंमत हमखास सांगत. मीही पुढे ती अनेकांना सांगितली.

पण खरे काम करतात ते बुंध्याचे वेढे. चाचांनी मला ते करूनच दाखवले. पाइप वर होता. त्यांनी आठाचे फेरे सोडले, दोन वेढे तसेच ठेवले आणि दोराचे टोक माझ्या हातात दिले. मी घाबरलो. सत्तर किलोंचे ओझे माझ्या हातात! पण पाइप हललाही नाही. मी दोन बोटांनी दोर धरून उभा राहू शकत होतो. पुढे कॉलेजात गेल्यावर मला याचे कारण समजले. दोर खुंटीला घासतो आणि एका पूर्ण वेढ्यामुळे हातावरचा ताण साधारण पाच पटींनी कमी होतो. दुसरा वेढा घेतला की तो पुन्हा पाच पटींनी कमी होतो. सत्तरला पाचाने भागले की चौदा. चौदाला पाचाने भागले की जेमतेम तीन किलो. बंदरावर खलाशी एवढी मोठी होडी एका हाताने खुंटाला धरून ठेवतो, तोही असाच.

“ओझे खुंटी धरते,” चाचा म्हणत. “तू फक्त तिला सांगायचे, आता थोडे सोड, आता थांब.”

दिवे चढवण्याची पद्धतही ठरलेली होती. पाइप कमरेइतका खाली आणायचा. मुख्य बटण बंद आहे ना, हे चाचा स्वतः जाऊन पाहत. दुसऱ्या कोणी सांगितले तरी त्यांना ते चालत नसे. मग एकेक दिवा लोखंडी आकड्याने पाइपावर अडकवायचा आणि आकड्याचा बोल्ट पान्याने आवळायचा. पाना दोरीने कमरेला बांधलेला असे. मला ती दोरी सारखी आड येई. एकदा मी ती सोडून ठेवली. चाचांनी पाना हातात घेतला आणि विचारले, “हा पाच मीटरांवरून पडला तर खाली यायला किती वेळ लागेल?” एक सेकंद. एका सेकंदात तो ताशी छत्तीस किलोमीटरांचा वेग घेतो. म्हणजे रस्त्यावरच्या रिक्षाचा वेग. मी दोरी पुन्हा बांधली.

आकडा आवळला की साखळी. प्रत्येक दिव्याला एक छोटी साखळी असे. ती पाइपाभोवती फिरवून दिव्यालाच अडकवायची. आकडा पक्का असताना साखळी कशाला, असे आम्हां मुलांना वाटे. आठ दिव्यांच्या आठ साखळ्या लावण्यात बराच वेळ जाई. शाळेकडे पाचच साखळ्या होत्या. उरलेल्या तीन चाचांनी आपल्या पैशाने आणल्या होत्या.

दिव्यांच्या आत काचेचे हॅलोजन बल्ब असत. एकेक बल्ब हजार वॅटचा. त्या बल्बला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, कापडाने धरायचा. बोटाचे तेल काचेला लागले, की बल्ब पेटल्यावर ती जागा जास्त तापते आणि काच फुटते. आठ दिवे एकदम लावले तर पस्तीस अँपिअर वीज लागते. घरातल्या साध्या वायरीने ती झेपत नाही. म्हणून या दिव्यांची वायर वेगळी आणि जाड असे. ती पाइपाबरोबर वर जाताना कुठे अडकू नये, म्हणून तिला मोकळी झोळी द्यावी लागे.

मग पाइप उचलायचा. चार मुले आणि चाचा दोर धरत. आधी पाइप फक्त डोक्याएवढा वर न्यायचा आणि थांबायचे. चाचा पाइपाखाली न जाता, बाजूने काठी लावून प्रत्येक दिवा हलवून बघत. काही खुळखुळले, तर पाइप परत खाली. सगळे ठीक असेल, तरच वर.

आणि त्याआधी एक आरोळी. चाचांच्या कामात हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती. पाइप वर जायचा असो की खाली यायचा असो, चाचा मोठ्याने विचारत, “खाली कोण आहे?”

रंगमंचावर उभा असलेला मुलगा चहूकडे पाही आणि उत्तर देई, “कोणी नाही!”

मग चाचा म्हणत, “येतोय!” किंवा “जातोय!” आणि तेव्हाच दोर हले. उत्तर आले नाही, तर चाचा थांबत. पुन्हा विचारत. एकदा तर त्यांनी पाच वेळा विचारले, कारण उत्तर देणारा मुलगा पाणी प्यायला गेला होता. आम्हांला हसू येत होते. सभागृहात कोणीही नव्हते, हे आम्हांला डोळ्यांनी दिसत होते. तरी चाचा दोर हातात धरून थांबले होते.

असे सांगतात, की इंग्लंडमध्ये जुन्या काळी नाट्यगृहातले दोर ओढायला जहाजावरचे खलाशी ठेवत आणि ते एकमेकांना शिट्टीने खुणा करत. म्हणून तिथे रंगमंचावर शीळ घालणे अशुभ मानतात. कोणी सहज शीळ घातली आणि वरच्याला ती खूण वाटली, तर डोक्यावर ओझे यायचे! खरे-खोटे काहीही असो, ही गोष्ट मी चाचांना सांगितली तेव्हा त्यांना ती फार आवडली.

आता त्या रात्रीकडे येतो.

स्नेहसंमेलन छान झाले. राजा, प्रधान आणि एक हुशार शेतकरी असे नाटक होते. टाळ्या पडल्या. पाहुणे गेले. मागच्या अंगणात मुलांसाठी मसालेभात आणि जिलेबीची पंगत बसली होती. जिलेबीचा वास सभागृहापर्यंत येत होता. चाचा म्हणाले, “दिवे अजून गरम आहेत. पंधरा मिनिटे जाऊ देत. मी मुख्य बटण पाहून येतो. मी आल्यावर पाइप उतरवू.” ते बाहेर गेले.

मी खुंटीजवळ एकटा होतो. बाहेर मुलांचा आवाज वाढत होता. मी मनात म्हणालो, चाचा येईपर्यंत पाइप उतरवून ठेवू, म्हणजे त्यांनाही बरे वाटेल. मी आठाचे फेरे सोडले. दोन वेढे होते. दोर सोडू लागलो. पण दोन वेढ्यांतून दोर हळूहळू, अडखळत सरकत होता. मला घाई होती. मी एक वेढा काढला. पाइप जरा लवकर खाली येऊ लागला. चौदा किलोंचे ओझे मला सहज पेलत होते. माझी हिंमत वाढली.

हो, मी आरोळी दिली होती. “खाली कोण आहे?” असे मी विचारले होते. पण मी उत्तराची वाट पाहिली नाही. उत्तर द्यायला तिथे कोणी ठेवलाच नव्हता, मग वाट कोणाची पाहायची? विचारले म्हणजे झाले, असे मी समजलो.

मी दुसरा वेढा काढला.

पुढचे सगळे दोन-तीन सेकंदांत घडले. दोर माझ्या हातातून सुसाट वर पळाला. मी तो घट्ट धरला, तेव्हा माझे पाय जमिनीवरून सुटले. हात भाजल्यासारखे झाले आणि मी दोर सोडला. वरून कप्प्यांचा कर्कश आवाज आला. त्याच वेळी मला रंगमंचाच्या मधोमध पाचवीतला एक मुलगा दिसला. नाटकात तो राजाचा छोटा मुलगा झाला होता. त्याचा पुठ्ठ्याचा मुकुट तिथे राहिला होता. तो घ्यायला तो परत आला होता आणि वाकून उचलत होता.

मला ओरडताही आले नाही. चाचा दाराशी होते. ते कसे धावले ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी पळता दोर दोन्ही हातांनी धरला आणि तसाच खुंटीच्या शिंगामागे दाबून फिरवला. दोर करकरला आणि थांबला. पाइपाला मोठा हिसका बसला. दोन बल्ब फुटले. एका दिव्याचा आकडा सुटला आणि तो दिवा साखळीवर लोंबकळत राहिला. ती शाळेची साखळी होती की चाचांची, ते मी पुढे कधी विचारले नाही.

पाइप त्या मुलाच्या डोक्यापासून दीड हात वर होता. तो मुकुट हातात घेऊन वर पाहत होता. त्याला काहीच कळले नव्हते.

चाचांनी दोर बांधला. दोन वेढे, मग आठाचे फेरे. ते नेहमीसारखेच नीट बांधत होते, पण दोरावर लाल डाग पडत होते. त्यांच्या दोन्ही तळहातांची कातडी सोलून निघाली होती. मी रडू लागलो. चाचा मला ओरडले नाहीत. ते त्या लहान मुलाला म्हणाले, “जा बेटा, जिलेबी खा.” मग माझ्याकडे वळून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“खुंटीवर किती वेढे होते?”

मी म्हणालो, “एकही नाही.”

ते काही बोलले नाहीत. सर त्यांना सायकलरिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले.

तीन आठवडे त्यांच्या हातांना पट्ट्या होत्या. मी दर रविवारी बसने मिरजेला जाई. त्यांना चमच्यानेही जेवता येत नव्हते. घरातले कोणीतरी त्यांना भरवत असे. मी गेलो की चाची मला चहा देत आणि अभ्यासाबद्दल विचारत. जे घडले त्याबद्दल त्या घरात कोणी एक शब्दही काढला नाही. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटे. माझ्या वडिलांनी मला रागावून दोन शब्द सुनावले, तेव्हा उलट बरे वाटले.

एका रविवारी मी धीर करून म्हणालो, “चाचा, मी खाली कोण आहे असे विचारले होते.”

चाचांनी विचारले, “मग काय उत्तर आले?”

“काहीच आले नाही.”

“मग तू काय समजलास?”

मी गप्प बसलो. उत्तर आले नाही म्हणजे खाली कोणी नाही, असे मी समजलो होतो. खरे तर उत्तर आले नाही याचा अर्थ एवढाच होता, की खाली कोण आहे हे मला माहीत नव्हते.

मुलांनो, आता काळ बदलला आहे. पुष्कळ सभागृहांत एलईडी दिवे आले आहेत. ते हॅलोजनसारखे तापत नाहीत आणि वीजही पुष्कळ कमी खातात. मोठ्या नाट्यगृहांत पाइप वरखाली करायला विजेच्या मोटारी असतात. बटण दाबले की झाले. पण लहान गावांत आणि शाळांत दोर आणि कप्प्या अजूनही दिसतात. काही ठिकाणी जुना सुती दोर काढून नायलॉनचा लावतात. तो मजबूत असतो, पण ताणला की लांबतो आणि हातातून घसरला तर फार भाजतो. आणि मोटारीचे बटण दाबणाऱ्यालाही खाली कोण आहे हे दिसत नाहीच. मी आता मुलांची नाटके बसवतो. पाइप मुलांच्या हाती एकट्याने कधी देत नाही. शिकलेला मोठा माणूस जवळ असेल, तरच दोराला हात लावू देतो. तुमच्या शाळेत असा पाइप असेल, तर तुम्हीही आधी सरांना किंवा बाजींना विचारा. मुले मला कंटाळतात, हे मला ठाऊक आहे. मी पाच-पाच वेळा विचारतो म्हणून ती तोंडावर हात ठेवून हसतात.

एक गोष्ट सांगायची राहिली. पुढच्या वर्षी मी दहावीत गेलो. स्नेहसंमेलन जवळ आले तेव्हा मी सभागृहाकडे फिरकलोच नाही. दहावीचा अभ्यास आहे, असे सगळ्यांना सांगितले. एके दिवशी शिपाईमामा वर्गात निरोप घेऊन आले. चाचांनी बोलावले होते.

मी गेलो. सभागृहात नवा दोर आला होता. साखळ्यांची एक नवी पिशवीही होती. पाइप वर होता. चाचा खुंटीजवळ स्टुलावर बसले होते. त्यांचे तळहात बरे झाले होते, पण कातडी गुळगुळीत आणि फिकी दिसत होती. त्यांनी दोराकडे बोट दाखवले.

“उतरव,” ते म्हणाले.

“चाचा, मी नको.”

“मग काय मी उतरवू? या हातांनी?”

मी दोराजवळ गेलो. आठाचे फेरे सोडले. दोन वेढे ठेवले. हात थरथरत होते. मी विचारले, “खाली कोण आहे?” माझा आवाज तोवर बसका झाला होता, पण चांगला मोठा निघाला.

रंगमंचावरून उत्तर आले नाही. मी थांबलो. पुन्हा विचारले. पडद्यामागून पावले वाजली. एक मुलगा बाहेर आला आणि त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मागे पाहिले. मागच्या वर्षीचा राजाचा मुलगा तो. आता सहावीत होता.

“कोणी नाही!” तो ओरडला आणि पळत बाजूला जाऊन उभा राहिला.

“येतोय!” मी म्हणालो.

पाइप हळूहळू खाली आला. अडखळत, कुरकुरत, पण माझ्या हातात राहून आला. कमरेइतका आला तेव्हा मी दोर बांधला. चाचा स्टुलावरून उठले आणि खुंटीजवळ आले. वाकून त्यांनी बोटाने वेढे मोजले. एक. दोन. मग खिशातून पाना काढून माझ्या हातात दिला.

“दोरी बांध कमरेला,” ते म्हणाले. “आठ दिवे आहेत.”